बोरिंगवाली कौशल्यामावशी

माझी कौशल्यामावशी हातपंप दुरुस्त करायला शिकली ते साल अठ्ठ्याऐंशी. पोलाद कारखान्याच्या कामगार वस्तीत, कॅम्प-१ मधल्या आमच्या गल्लीत एकच हातपंप. त्याला सगळे बोरिंग म्हणायचे आणि तो महिन्याआड बंद पडायचा. बायकांनीच पंप सांभाळावा अशी योजना आली, पंधरा दिवसांचं ट्रेनिंग झालं, मावशीला प्रमाणपत्र मिळालं. पाने-हत्यारांची पेटी मात्र ठेवली पाणी समितीच्या अध्यक्षाकडे, भैयालालकडे. सरकारी सामान बाईच्या घरी कसं ठेवायचं, हा त्याचा प्रश्न. समितीत पाच बायका होत्या. त्यांना घरी जाऊन पाणी भरायचं होतं, त्यांनी माना डोलावल्या. मला अजून त्या बैठकीची चीड येते.

मे महिन्यात पंपाची साखळी तुटली. नेमका भैयालाल घराला कुलूप घालून मेहुण्याच्या लग्नाला गेलेला. नऊ दिवस मावशीने रेल्वेच्या रुळांपलीकडच्या नळावरून पाणी आणलं, दिवसाला सहा खेपा. कंबर तिची आधीच गेलेली. साखळी बदलणं म्हणजे तासाभराचं काम, ते तिला येत होतं, नवी साखळी पेटीत पडून होती, आणि ही बाई हंडा घेऊन रूळ ओलांडत होती.

"मले येते नं, म्हनून जास्त दुखते," ती एकदा म्हणाली.

दहाव्या दिवशी भैयालाल आला. मावशी सकाळीच त्याच्या दारात.

"दफ्तर से मिस्त्री आने दो, बाई," तो म्हणाला.

मावशी काही भांडकुदळ नव्हती. ती त्याच्या ओट्यावर बसली. "पेटी मिलेगी तब उठूंगी," एवढंच बोलली. येणारेजाणारे विचारू लागले, तसा तो ओशाळला. दोन तासांनी पेटी बाहेर आली.

मी दांडा धरला, तिने पंपाचं डोकं उघडून साखळी बसवली. पाणी आलं. नारळ फुटला, तो भैयालालच्या हातून. बघता बघता हंड्यांची रांग लागली. त्यात मावशीचा हंडा नव्हता.

मावशीचे यजमान, देवाजीकाका, पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर होते. त्या दिवशी त्यांचा ऑफ. तोंडात तंबाखूचा खर्रा धरून समोरच्या ओट्यावरून ते सगळं बघत होते, कौतुकानेच. माणूस वाईट नव्हता. बायकोला ट्रेनिंगला पाठवलं, हे चारचौघांत सांगायचेसुद्धा.

"झालं नं? चाय मांड आता," ते म्हणाले. "घरात पान्याचा थेंब नाही."

मावशीचे हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे झालेले. "तुमी आना नं हंडा. लाइनीत लावा."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. ओट्यावरचे चौघे त्यांच्याकडेच बघत होते. "मी? बायायच्या लाइनीत? लोक काय म्हनतीन?"

मावशी पंपाजवळून उठली. मातीने हात घासले, घरी जाऊन हंडा आणला आणि सगळ्यांच्या मागे उभी राहिली. दमून तिचा चेहरा उतरला होता. मी हंडा घ्यायला गेले तर सोडेना.

"ट्रेनिंगले चुकीचा मानूस गेला वं," काकांकडे बघत ती मला म्हणाली. "मले पंप शिकवला. यायले हंडा कोन शिकवन?"