नांगरलेल्या वावरातले जीव

लग्नानंतर अकोल्यात बिऱ्हाड केलं तेव्हा हे सरकारी शेतीखात्यात होते. गावोगाव लोखंडी नांगर चालवून दाखवायचा आणि लोकांना तो घ्यायला लावायचा, हे ह्यांचं काम. कुंदा नावाचं गवत वावरात एकदा मुळं धरून बसलं की माती वरवर खरवडणाऱ्या साध्या वखरानं निघत नाही; लोखंडी नांगर माती खोलवर उलथून ते उपटतो. हे इतक्या तळमळीनं सांगत की ज्यांच्या वावरात कुंदा नव्हता तेही नांगर घेत. बाळापूरला माझ्या भासऱ्यांच्या, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाच्या, वावरात कुंदा नुसता धुऱ्याकडे, बांधालगत होता, तरी त्यांनीही घेतला.

मग नागपूरहून आलेल्या एका गोऱ्या साहेबानं ह्यांना मातीतले बारीक जीव पाहण्याची रीत दाखवली आणि ह्यांनी ती घरी आणली. पत्र्याचे डबे करणाऱ्या मिस्त्रींकडून मोठं नरसाळं करून घेतलं. यातून कोणतं तेल ओतायचं, असं मिस्त्रींनी विचारलं. हे म्हणाले, किडे. मिस्त्रींनी पुढे काही विचारलं नाही. नरसाळ्यावर माझी रव्याची चाळणी, चाळणीत माती, वर पेटता कंदील, खाली बाटली. धगीनं माती वरून सुकत जाते, तिच्यातले जीव ओलाव्यासाठी खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. माझ्या घरात भर दुपारी कंदील जळत असे. शेजारणींना मी खात्याचं काम आहे म्हणून सांगितलं.

भिंगातून पाहिलं की ह्यांचे डोळे दुखत, म्हणून पाहायचं काम माझ्याकडे आलं. काही जीव पांढरे होते, पोटाखाली शेपटी मुडपून बसणारे. ती सुटली की टुणकन उडी मारायचे. काही तपकिरी, गोल, आठ पायांचे. हे सगळे काडीकचरा आणि शेणखत खाऊन त्याची माती करतात, असं ह्यांनी सांगितलं. मला ते आवडले. इतकं काम करून इतकं गप्प राहणारं आमच्या नात्यात कुणी नव्हतं.

पावसाळा सरता सरता ह्यांनी बाळापूरच्या वावराची माती आणली. अर्ध्या वावरात उन्हाळ्यात लोखंडी नांगर फिरला होता आणि पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडांची, धसकटं जाळली होती. उरलेल्या अर्ध्यात नुसता वखर आणि शेणखत. वखराच्या मातीतून पुष्कळ जीव पडले. नांगराच्या मातीतून जवळजवळ काहीच नाही. ह्यांनी पुन्हा माती आणून पुन्हा कंदील लावला. तसंच निघालं. दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं की या किड्यांनी कापूस वाढतो का. ह्यांनी खरं ते सांगितलं, ठाऊक नाही. विषय तिथेच संपला.

भासरे मात्र येत्या उन्हाळ्यात उरलेलं वावरही नांगरणार होते. म्हणून आम्ही नरसाळ्यासकट बाळापूरला गेलो. हे भावापुढे बसून आधी बैलांचं बोलले, मग विहिरीचं, आणि मग हळूच म्हणाले की यंदा नांगर राहू द्यावा.

"तूच तर घ्याले लावला," भासरे म्हणाले. "आता काहून नको म्हणून राहिला?"

हे पुन्हा विहिरीचं बोलू लागले.

मी आत चुलीपाशी होते. भासऱ्यांशी बोलायची आमच्याकडे रीत नव्हती, म्हणून मी जाऊबाईंना म्हटलं, त्यांना सांगा, कुंदा असेल तिथेच नांगरा, बाकीची माती उलथली आणि जाळली की आतले जीव मरतात. भासरे दारातच होते, तरी जाऊबाईंनी ते पुन्हा सांगितलं. किड्यायसाठी वावर सोडून देऊ का, असं तिला विचार, असं त्यांनी जाऊबाईंना सांगितलं. हे किडे पऱ्हाटी खात नाहीत, असं मी जाऊबाईंना सांगितलं. असं बराच वेळ चाललं.

"तुमी दोघं सरळच बोला," शेवटी जाऊबाई म्हणाल्या. "माह्या भाकरी करपून राहिल्या."

मग मी पदर सारखा करून बाहेर गेले आणि भासऱ्यांपुढे भिंग धरलं. सकाळपासून कंदिलाखाली ठेवलेल्या बाटलीत ओला टीपकागद होता, त्यावर जीव हलत होते. ते इतका वेळ पाहत राहिले की जाऊबाई ताट आणून परत घेऊन गेल्या.

"हा आपल्या वावरातला हाय?" त्यांनी थेट मलाच विचारलं.

"हो. वखराच्या बाजूचा."

"अन् नांगराच्या बाजूचे?"

"ते नाहीत."

त्या वर्षी नांगर फक्त धुऱ्याकडच्या कुंद्याच्या पट्ट्यात फिरला. जळालेल्या बाजूला शेणखत पडलं. कापूस दोन्हीकडे सारखाच आला. मला जरा वाईट वाटलं, भासऱ्यांना मुळीच नाही. धसकटं का जाळत नाही म्हणून शेजाऱ्यानं विचारलं, तर ते म्हणाले, आत राह्यतेत. कोण राहतं ते सांगितलं नाही. त्या वावरात नाग आहे अशी गावात बोलवा झाली आणि लोक वळसा घालून जाऊ लागले.

हे पुढेही नांगर दाखवत फिरले, पण आधी कुंदा आहे का ते विचारू लागले, त्यामुळे नांगर कमी खपले आणि ह्यांची वरूडला बदली झाली. जाण्याआधी मी जळालेल्या बाजूची माती एकदा पाहिली. थोडे पांढरे परत आले होते, तपकिरी अजून नव्हते. भासऱ्यांना तसं सांगितलं.

"येतीन," ते म्हणाले आणि बैल सोडायला गेले.