शेटची गळकी मोटार

रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणाऱ्या आमच्या शेटच्या मोटारीतून तेल गळायचं, आणि ते थांबेपर्यंत शेट मला सोडणार नव्हते. मुंबईला माझा थोरला भाऊ एका मोठ्या बोटीवर इंजिनखात्यात होता. त्याने तिथे माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. बोट बुधवारी परदेशी सुटणार, म्हणजे मला सोमवारची आगबोट गाठायलाच हवी. मंगळवारच्या मोटारीने घाट चढून कोल्हापूरची रेल्वे धरली तर वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. शिवाय बोटीवर उभं करून घ्यायला जुन्या मालकाचा दाखला लागायचा, आणि तो देणारा हात शेटचा.

"गळती थांबव नि जा. मी काय तुला बांधून घातलाय?" शेट म्हणायचे.

बांधून घातला असता तर निदान दोरी तरी दिसली असती. मी होतो मोटारीखालच्या खड्ड्यात. शेडमध्ये जांभा खोदून केलेला तो खड्डा, वर इंजिन, दोन्ही बाजूंना खांदे घासणारा दगड. तिथून जगाचा जेवढा भाग दिसायचा, त्यात बहुतेक वेळ शेटच्या वहाणाच असायच्या. त्यांच्याकडे मोटारीचं काम जाणणारा मी एकटा. हात कसबी असले की माणूस सुटतो असं कोण म्हणतं कुणास ठाऊक. मी त्या हातांपायीच अडकलो होतो.

इंजिनाच्या मागच्या टोकाला, जिथून फिरता दांडा बाहेर येतो, तिथे नमद्याचं, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं, कडं बसवलेलं असतं. ते झिजलं की तेल मागे क्लचवर जातं. तेलकट क्लच सपाटीवर कसाबसा निभावतो, पण आंबा घाटात भरलेली मोटार चढायची सोडून मागे येऊ लागते. खालच्या तेलाच्या टाकीचं पॅकिंगही कुजलं होतं. ते मी जाड कागदाचं केलं. टाकीच्या काठावर कागद धरून कडेकडेने हातोडी हलकेच ठोकत गेलं, की लोखंडाची धारच तो कापते. नमदा मात्र बाजारात कुठे मिळेना. मुंबईहून आणायचा, तर आधी मला मुंबईला सोडायला हवं होतं!

आम्ही नाटे गावचे, वडील गलबतावरचे. आमच्याकडे गलबताच्या फटींत कापूस पिळून भरतात नि वरून राळेचा लेप देतात. जी राळ समुद्र आत येऊ देत नाही, ती चार शेर तेल बाहेर कशी जाऊ देईल, असं माझं डोकं चाललं. कड्याच्या जागी मी कापूस ठोकून भरला आणि वर राळ ओतली. सोमवारी सकाळी इंजिन सुरू केलं. शेटनी स्वतः वाकून खालून हात फिरवला. हात कोरडा निघाला. त्यांनी बसून दाखला लिहिला, मला दिला, आणि तोंड फिरवून म्हणाले, "जा मेल्या, भावाला विचारलं म्हनून सांग."

ते गेले. इंजिन अजून चालूच होतं. ते बंद करायला वाकलो तर खाली एक थेंब पडला. मग दुसरा. राळ तापून पातळ झाली होती. समुद्र थंड असतो, इंजिन नसतं, एवढी साधी गोष्ट या गलबतवाल्याच्या पोराला सुचली नव्हती. मी चिंधीने ते थेंब पुसले, इंजिन बंद केलं, ट्रंक उचलली आणि बंदरावर गेलो.

आगबोट खोल पाण्यात उभी होती. तिच्यापर्यंत नेणारा पडाव भरत होता. मुंबईसाठी घेतलेली नवी काळी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि वेळ जावा म्हणून दाखला उघडला. शेटनी लिहिलं होतं: 'हा इसम काम पुरे केल्यावाचून हात धूत नाही.'

मला इतका संताप आला की कागद समुद्रात फेकावासा वाटला. स्वतःची लाज वाटली म्हणून नव्हे, शेटनी मला बरोबर ओळखलं होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी मोटार माणसं भरून घाटात जाणार होती. पडाववाला ओरडला, "चलतोस का र्‍हातोस?"

मी ट्रंक उचलून परत फिरलो.

"गळतंय अजून," मी शेटना सांगितलं. मी खड्ड्यात उतरलो, राळ खरवडून काढली, आणि नमदा म्हणून डोक्यावरची टोपीच कात्रीने कापली. लोकर चांगली दाट होती. तिचं कडं तेलात मुरवून बसवत होतो तेव्हा आगबोटीचा भोंगा झाला. हात सोडता येत नव्हते, सोडले असते तर कडं वाकडं बसलं असतं. शेटच्या वहाणा खड्ड्याच्या काठाशी उभ्याच होत्या.

भावाच्या बोटीवरची जागा कुणा दुसऱ्याला मिळाली. मोटार त्यानंतर कित्येक महिने एक थेंबही गळली नाही. रोज सकाळी मी वाकून खालून हात फिरवायचो. तो कोरडाच निघायचा, आणि दर वेळी मला रडू यायचं.