शुभहस्ते तीन हजार मीटर

मैदानी स्पर्धांना पंच म्हणून गेलं की एक टोपी मिळते आणि एक टी-शर्ट, तोही दोन मापं मोठा. किस्से मात्र कुणी देत नाही, ते आपोआप अंगाला चिकटून घरी येतात. टोप्या जुन्या झाल्या की मी फरशी पुसायला काढते. किस्स्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून भेटेल त्याला सांगत सुटते.

मी पडेगावच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. विभागीय स्पर्धा आपल्या शहरात असल्या की आमची ठरलेली टोळी मैदानावर हजर होते. शेख सर स्टार्टर, म्हणजे शर्यत सुरू करून देणारे. जाधव सर प्रमुख पंच. त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरलेत, त्यामुळं कुठलाही कागद हातात आला की खाली आपली सही आहे का तेवढंच ते आधी बघतात. आणि मी, कधी घड्याळ तर कधी लॅप मोजायला.

पूर्वी हे किस्से सांगताना मीच आधी हसायची. यंदाचे सांगताना येत नाही हसू. तुम्हाला आलं तर हसा बापडे.

*

पहिल्या दिवशी सकाळी मैदानावर पोचलो तर फिनिश लाइन गायब!

म्हणजे रेषा होती, पण तिच्यावर लाल गालिचा होता, गालिच्यावर स्टेज होतं, स्टेजवर सोफे होते. पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून मंडपवाल्यानं मंडप थेट ट्रॅकवर घातला होता, आतल्या दोन लेन तेवढ्या मोकळ्या.

शेख सर धावत गेले. "अरे भाई, ये ट्रॅक हे! यहाँ बच्चे भागते!"

मंडपवाला खांबाला दोरी आवळत होता. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. "सर, ट्रॅक गोल हाय ना? मग कुठूनबी सुरू करा अन् कुठंबी संपवा की!"

आम्ही दोघांनी जाधव सरांकडं पाहिलं. त्यांनी गोल ट्रॅकवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "त्याचं बरोबर आहे."

मग मंडपाच्या अलीकडं, जुन्या रेषेच्या आठ मीटर आधी, चुन्याच्या फक्कीनं नवी फिनिश लाइन मारली. फक्की मारायला मीच वाकले होते.

*

त्याच सकाळी कोमल भेटली. फर्दापूरची. बारावीला. वडील अजिंठ्याला येणाऱ्या पर्यटकांची जीप चालवतात, आई तिथंच भजी तळते. पोरगी तीन हजार मीटर पळते. नाव नोंदवताना तिची जन्मतारीख बघितली आणि म्हणाले, "अगं, वयानुसार तुझं हे शेवटचंच वर्ष."

"व्हय मॅडम. म्हणूनच आले." तिनं सरळ सांगितलं. "पहिली आले तर राज्याला. राज्याला गेले तर खेळाडूंच्या होस्टेलला जागा. नाय तर भजे."

गेल्या वर्षी ती दुसरी आली होती. राज्याला फक्त पहिली जाते. वर्षभर ती पहाटे गाडीरस्त्यानं लेण्यांकडं पळत जायची आणि उजाडता उजाडता परत यायची, कारण नंतर तोच रस्ता वडिलांच्या जीपला लागतो. बुटाच्या पुढच्या टोकाला तिनं काळ्या दोऱ्यानं टाके घातले होते. मी बघतेय हे कळलं तशी ती म्हणाली, "फाटलं नाय मॅडम, पळून पळून ढिलं झालंय!"

मला ती आवडली. पंचानं असं कुणी आवडून घेऊ नये. पण आवडली.

*

आपल्याकडं कुठलीही गोष्ट 'शुभहस्ते' झाल्याशिवाय झाली असं वाटत नाही. मुलींची शंभर मीटर प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते सुरू होणार, असं माइकवर जाहीर झालं. शेख सरांनी आपला क्लॅपर, म्हणजे त्या दोन लाकडी फळ्या, पाहुण्यांच्या हातात दिला आणि समजावलं, "साहब, मैं सेट बोलूंगा, उसके बाद मारना."

पाहुण्यांनी सेटच्या आधीच मारला. पोरी पळाल्या. परत बोलावल्या.

दुसऱ्यांदा नीट वाजला. पोरी साठ मीटरपर्यंत पोचल्या तोच फोटोग्राफर ओरडला, "साहेब, डोळे मिटले! परत एकदा!" परत बोलावल्या.

तिसऱ्यांदा पाहुण्यांच्या मागं उभ्या असलेल्या कार्यकर्त्याचं डोकं फोटोत आलं.

चौथ्यांदा पोरी ओळीत उभ्या राहिल्या तेव्हा शेख सर माझ्या कानात पुटपुटले, "बाई, अब टाइम नक्को. जो खडी रहेगी वो फर्स्ट!"

हिंगोलीची एक पोरगी मध्येच मांडी धरून खाली बसली. मी बर्फ घेऊन गेले. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलेलं. माझ्याकडं वर बघून तिनं विचारलं, "आता तरी चांगला आला का मॅडम त्यांचा फोटो?"

*

लांब उडीच्या खड्ड्यात वाळू लागते आणि मराठवाड्यात वाळू कशी येते हे काही मी सांगायला नको. ट्रॅक्टर आला, वाळू ओतली, आम्ही दाताळ्यानं सारखी केली. पहिला पोरगा पळत यायच्या बेतात होता तेवढ्यात महसूलचं पथक जीपमधून उतरलं. ट्रॅक्टरकडं पावती नव्हती! खड्ड्यातली वाळू अवैध!

"जप्त करावी लागंल," एक साहेब म्हणाले.

"साहेब, पोरं उड्या मारायला थांबलीत," मी म्हणाले.

"मारू द्या ना. पण खड्ड्याच्या भाईर."

नंतर त्यांनी आमचीच उडीची स्टीलची टेप मागून घेतली आणि पंचनाम्यासाठी खड्डा मोजला. लांबी, रुंदी, खोली. दिवसभरात त्या टेपनं मोजलेलं पहिलं अंतर ते. आमची पंच म्हणून सहीसुद्धा घेतली. जाधव सरांना घाम फुटला.

लांब उडी दुपारनंतर झाली. खड्ड्यात काळी माती भरून. निम्म्या पोरांच्या ढोपरांची सालं निघाली.

*

मुलांच्या दोनशे मीटरला विक्रम झाला! माइकवर जल्लोष, टाळ्या, पोराला खांद्यावर घेतलेला. तिन्ही घड्याळं बघितली, तिन्हींवर जवळपास तीच वेळ. मला सुखानं गप्प बसवेना. फिनिश लाइन आपण अलीकडं आणली, मग दोनशेची सुरुवातीची रेषा कुणी सरकवली?

कुणीच नाही. पोरगा एकशे ब्याण्णव मीटर पळाला होता.

टेप घेऊन जाधव सरांकडं गेले. त्यांनी माझ्या हातातली टेप बघितली, तिकडं चाललेला सत्कार बघितला आणि म्हणाले, "बाई, विक्रम झालाय. टेप खाली ठेवा."

"सर, राज्याला पूर्ण दोनशे मीटर असतात."

"राज्याला मी नसतो," जाधव सर म्हणाले.

तेवढी एक गोष्ट मी भांडून करून घेतली. बाकीच्या शर्यतींच्या रेषा त्या संध्याकाळी सरकवल्या. पोराला मात्र कुणी सांगितलं नाही. त्याच्या शाळेचा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या गेटवर लागला होता. मी मान खाली घालून त्याच्याखालून आत गेले. माझीही सही होती त्या निकालावर.

*

दुसऱ्या दिवशी टँकर आला. पोरांच्या घशाला कोरड पडली होती, बाटल्या घेऊन सगळी धावली. टँकरवाल्यानं पाइप काढला आणि ट्रॅकवर पाणी मारायला लागला. पाहुण्यांच्या गाड्या मंडपापर्यंत येणार, धूळ बसायला हवी!

ज्या शहरात नळाला पाणी आलं की माणसं हातातलं काम टाकून घरी पळतात, तिथं आम्ही धुळीला पाणी पाजत होतो. माझं डोकं फिरलं. "अहो, आधी पोरांना प्यायला द्या की!"

"मॅडम, मला धुळीचं सांगितलंय," तो म्हणाला. "पिण्याचं कोणी बोललंच नाय."

कोमल आपली अर्धी बाटली तोंडाला न लावता तीन पोरींना पाजत होती. मी ओरडले, "अगं, तुझी शर्यत उद्या आहे, स्वतः पी!"

"आमच्याकडं भी असंच हाय मॅडम. सवय हाय."

*

आणि आता ती शर्यत. तिसऱ्या दिवशी सकाळची.

मुलींची तीन हजार मीटर म्हणजे साडेसात लॅप. किती लॅप उरले ते सांगायला माझ्याजवळ आकड्यांचा बोर्ड. शेवटचा लॅप सुरू झाला की बेल वाजवायची. पितळी घंटा टेबलावर, टेबल मंडपाच्या अगदी पुढं. बेल म्हणजे शेवटचा लॅप, पळणाऱ्या पोरांना पहिल्या दिवसापासून हेच शिकवलेलं असतं. दमल्यावर बोर्डाकडं कुणी बघत नाही. कानावर बेल पडली की उरलंसुरलं सगळं काढून पळायचं.

सहा पोरी. तिसऱ्या लॅपपासून कोमल पुढं. पाचव्या लॅपला मागची पोरगी पन्नास मीटर मागं. मी बोर्ड बदलत होते आणि, खोटं कशाला बोलू, मनात तिच्या होस्टेलची खोलीसुद्धा लावून टाकली होती.

बोर्डावर दोन आकडा होता. तेवढ्यात समारोपाचे पाहुणे आले. हार झाले, शाल झाली. माइकवाल्याला वाटलं यांच्या शुभहस्ते काहीच झालं नाही. बघतो तर समोर टेबलावर घंटा! "आता मान्यवरांच्या शुभहस्ते घंटानाद!"

मी "नको नको!" म्हणत उठेपर्यंत पाहुण्यांनी घंटा वाजवली. चांगली जोरात. देवळातल्यासारखी.

कोमल समोरूनच चालली होती. तिनं ऐकलं आणि ती सुटली. काय पळाली ती पोरगी! मी बोर्ड हलवत ओरडत होते, "दोन! अजून दोन!" पण लोक टाळ्या वाजवत होते. ती लॅप पुरा करून आली, फिनिश लाइन ओलांडली, दोन्ही हात वर केले आणि जमिनीवर आडवी झाली. तोंड आकाशाकडं, हसत होती.

मी तिच्यावर वाकले. "कोमल, ऊठ, अजून एक लॅप आहे."

तिला ते कळायलाच वेळ लागला. मागच्या काही पळत राहिल्या, काही थांबल्या, एक चालायला लागली. कोण कितवी काहीच राहिलं नाही. जाधव सरांनी सगळ्यांना बोलावून निर्णय दिला, शर्यत दोन तासांनी पुन्हा.

दोन तासांनी मैदानावर कोण उरतंय? समारोप उरकला होता, बसगाड्या निघाल्या होत्या. बीडचे सर जाता जाता म्हणाले, "आमची पोरगी दमली मॅडम, आता काय पळती?" इतर चौघींच्या सरांनी तर तेवढंही सांगितलं नाही. सुरुवातीच्या रेषेवर कोमल एकटी उभी. बुटाचे टाके उसवले होते, तिनं वरून बुटाची नाडी गुंडाळली होती.

"घ्या पळवून, बघू नंतर," जाधव सर म्हणाले.

मंडप उतरत होता. खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. गालिच्याच्या गुंडाळीबरोबर आमची घंटाही पहिल्या टेम्पोत चिकलठाण्याला निघून गेली होती. शेख सरांनी शोधून शोधून हात टेकले. "बाई, मैं क्लॅपर बजाऊंगा. आप चिल्लाना."

शेख सरांनी एकट्या पोरीसाठी सगळं रीतसर केलं. जागा घ्या, सेट, क्लॅपर. ती पळाली.

पाचवा लॅप चालू असताना जाधव सर नियमांचं पुस्तक घेऊन आले. एका ओळीवर बोट. तीनपेक्षा कमी स्पर्धक असतील तर ती स्पर्धा झाली असं धरता येत नाही. राज्याला विभागातून कुणीच जाणार नाही.

"सर, हे आधी सांगायचं ना!"

"आधी मलाही कुठं माहीत होतं, बाई?"

त्यांनी निकालाच्या कागदावर 'रद्द' लिहिलं आणि सही केली. आधी खाली न बघता केलेली त्यांची मी पाहिलेली ही एकच सही. मग पेन माझ्यापुढं धरलं. मी घेतलं नाही. माझ्या हातात बोर्ड होता आणि ती समोरून येत होती.

बोर्डावर एक आकडा लावला. शेख सरांनी क्लॅपर वाजवला, मी घसा फाटेस्तोवर ओरडले, "शेवटचा, कोमल! शेवटचा!" तिनं आमच्याकडं बघितलं नाही. ती शेवटचा लॅपही पळाली, सकाळपेक्षा जोरात. मी घड्याळ बंद केलं. फक्कीची रेषा ओलांडून ती तशीच पुढं निघाली.

"कोमल, झालं! थांब!"

"बेल कुठं वाजली, मॅडम?" ती म्हणाली आणि वळणाला लागली.