दोन बोटांतली वाळू

हौदवाल्या बाईंबद्दल चाचणीवाल्याला ठाऊक होतं ते नखाएवढं. बाई पाणीपुरवठ्याचे, पाणी गाळणारे वाळूचे हौद सांभाळायच्या आणि बावीस वर्षं तो तिथून रोज तपासणीसाठी पाण्याची बाटली भरून न्यायचा. पण त्या राहतात कुठे, घरी कोण असतं, हे विचारायला त्याची जीभ कधी रेटली नाही. जे काही कळलं ते त्याच्याच चुकीमुळे.

तेव्हा तो नवा होता, नोकरी पक्की व्हायची होती. वरिष्ठ तपासणीला येणार म्हणून बाईंच्या सुट्टीच्या दिवशी त्याने पहिला हौद उपसला. वाळूवर तपकिरी, शेंबडासारखा चिकटा साचला होता. चार माणसं लावून त्याने तो खरवडून काढला, वाळू धुऊन लख्ख केली आणि सकाळी शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

बाई बराच वेळ वाकून बघत होत्या. मग म्हणाल्या, "दादा, स्वयंपाकघर घासलंत ते ठीक. पण स्वयंपाकीणच हाकललीत की."

तो चिकटा हीच खरी गाळणी होती. त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव पाण्यातली घाण खातात. नुसत्या वाळूच्या बापाला ते जमायचं नाही. चाचणीच्या बाटलीनेही तेच सांगितलं: पाणी घाण निघालं. दुसरा हौद चिकटा दाटून थकलेला, जेमतेम महिनाभर पुरणारा. तोवर पहिला सुधारला नाही तर वस्तीचे नळ कोरडे आणि चाचणीवाला घरी.

बाईंनी लांब दांड्याच्या पळीने दुसऱ्या हौदातला चिकटा बादलीभर काढला आणि दह्याला विरजण लावावं तसा धुतलेल्या वाळूवर पसरला. पाणी हळूहळू सोडलं. खालून निघालेलं गटारात जाऊ दिलं. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा, हौद मुरवायला मीच ठेवलाय, एवढंच बोलल्या. रोज पळीभर वाळू वर काढून त्या दोन बोटांत चोळायच्या आणि 'अजून नाही' म्हणून मान हलवायच्या. चाचणीवाल्याचं जेवणावरून मन उडालं होतं.

विसाव्या दिवशी त्यांनी पळी त्याच्यापुढे धरली. त्याने चिमूटभर चोळली, तर वाळू बोटांतून सटकली. बुळबुळीत गोष्टीचा इतका आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता. बाटलीही स्वच्छ निघाली.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी आभार मानायचं त्याने घरूनच ठरवून आणलं होतं. बाईंनी मात्र तो तोंड उघडायच्या आत वाळूने भरलेली पळी त्याच्याच हातात दिली.

"बघा, काय म्हणतोय हौद?"

"बुळबुळतोय."

"मग झालं तर. झाकण घट्ट लावा बाटलीचं."