व्याह्यांच्या चाकामागे

चैत्राच्या अखेरीस धडगावहून लोणखेड्यापर्यंत सायकलींची शर्यत असते. घाट उतरायचा, म्हसावद गाठायचे, पुढे सपाटी. साठीपुढच्या गटात त्या वर्षी दोघेच होतो: मी आणि माझे व्याही, म्हणजे मुलीचे सासरे. मुलीची ती लग्नानंतरची पहिली आखाजी. सणाला ती माहेरी येणार की नाही, हे त्यांच्या मर्जीवर होते.

निघताना पत्नीने बजावले, "जिंकशात ते पोर येवाव नही. याहीसना मांगेच ऱ्हा."

मी शब्द दिला. मागे राहण्यास माझी मुळीच हरकत नव्हती.

घाट संपताच समोरून वारा आला. तापलेला, धुळीने भरलेला. दाताखाली माती करकरत होती. अशा वाऱ्यात पुढचा सायकलस्वार वारा फोडतो आणि मागचा त्याच्या आडोशाने निम्म्या कष्टात चालतो. मी त्यांच्या चाकामागे वीतभर अंतर राखले.

"याही, मांगे काय करी ऱ्हायनात? या ना पुढे."

"छे. मुलाकडच्यांच्या पुढे जाणे मला शोभणार नाही."

ते सुखावले. छाती काढून पायडल मारू लागले. म्हसावदला पाण्याचा पेलाही मी आधी त्यांनाच दिला. केळीच्या बागांपाशी त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा मान दिला. त्यांच्या सदऱ्यावर घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. माझी इस्त्री अजून शाबूत होती.

शब्द मी पाळणारच होतो. पण लोणखेड्याची कमान दिसली आणि त्यांनी मागे वळून माझे सांत्वन केले. "वाईट वाटू देऊ नका, याही. तुमनं वय व्हयनं."

ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत.

मी बाजूने निघालो आणि तीन सायकलींच्या अंतराने जिंकलो.

ते झाडाखाली बसले. डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून घेतले आणि बराच वेळ माझ्या सदऱ्याकडे पाहत राहिले. "हाऊ मान माले महागात पडना," एवढेच बोलले. घरी पत्नी दोन दिवस एवढेही बोलली नाही.

आखाजीला मुलगी आली. सोबत व्याही आले, सायकलसह. मुलीचा मुक्काम आठ दिवसांचा, त्यांचाही तेवढाच. रोज सकाळी ते मला रस्त्यावर काढत आणि अदबीने हात पुढे करून म्हणत, "याही, आते तुम्ही पुढे."

पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. वारा त्या आठवड्यात एकदाही पडला नाही.