उस्ताद कामावर

माझ्या धाकट्या दिरांना अख्खा कारखाना ‘कुलूप’ म्हणतो. कॉम्प्युटर सांभाळतात ना! कुणी पासवर्ड टेबलाला चिकटवला की हे अंगावर धावून जाणार. कुणी नोकरी सोडली की त्याचं नाव लगेच यंत्रणेतून काढणार. “वहिनी, चोर भिंत फोडत नाही, उघडं दार शोधतो.” पॅकिंगमध्ये बसून हे ऐकून ऐकून माझे कान किटले.

पण एक नाव त्यांनी काढलं नव्हतं. माझ्या नवऱ्याचं. ओतकामाच्या भट्टीवरचे उस्ताद ते; छातीत कळ आली आणि गेले. तरी रोज सकाळी भिंतीवरच्या फलकावर अक्षरं उजळायची: भट्टी, उस्ताद, कामावर. भावजीच त्यांच्या नावाने भट्टी चालू करायचे. पासवर्डही तोच जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला. मला कळत होतं, पण बोलले नाही. खोटं का होईना, बरं वाटायचं.

भट्टी पेटली की भावजी लॉग-आउट करायचे आणि नाव मावळायचं. त्या दिवशी मात्र जेवणाच्या सुट्टीत ते पुन्हा उजळलं. भावजी तर माझ्यासमोर डबा उघडून बसलेले!

“तुम्ही नाव लावून आलात?”

“नाही.” घास हातातच राहिला.

भट्टीच्या तापमानाचा आकडा आपोआप चढू लागला. माणसं मागे सरली. “उस्ताद आले,” कुणीतरी पुटपुटलं.

“बाहेरून कुणीतरी शिरलंय,” भावजी कॉम्प्युटरच्या खोलीकडे धावत म्हणाले. “दादाचं नाव घेऊन.” मी मागोमाग धावले.

मेन स्विच पाडला तर धातू आतच गोठून भट्टी कामातून जाणार, आणि घरोघरच्या चुली थंड. पासवर्ड बदलून आत शिरलेला बाहेर जाणार नव्हता; उपाय एकच, नाव काढणं. पडद्यावर प्रश्न आला: कायमचं काढायचं? भावजींचं बोट हलेना. आकडा चढतच होता.

“अहो, काढा ना!”

“वहिनी, दादा आहे तो.”

मी भडकले. “दादा? माणसं जवळ असताना तुमच्या दादाने कधी आच वाढवली होती का?”

“नाही.”

“मग हा तो नव्हे मेला!”

त्यांनी बटण दाबलं. फलक काळा पडला. आकडा थांबला, मग हळूहळू उतरला.

नवरा गेला तेव्हा मी ऊर बडवून रडले होते. भावजी रडले नव्हते. सगळी धावपळ त्यांच्याच गळ्यात होती. त्या दिवशी ते कॉम्प्युटरसमोरच हमसून हमसून रडले, आणि मी दार लावून घेतलं.