कानबाईच्या रविवारची सभा

जरीनाचं सुकदेव तायडेकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्याच्या एका वाक्यामुळे. एम. ए. इतिहासाचा वर्ग नुकताच सुरू झाला होता. जळगावचं विद्यापीठ तेव्हा इतकं नवं होतं की रिक्षावाल्याला रस्ता आपणच सांगावा लागे. सरांनी एकेकाला उभं करून नाव-गाव विचारायला सुरुवात केली. शिरपूरकडचा वना पावरा उठला, नाव सांगितलं आणि गावाच्या नावापाशी अडखळला. मागून कोणीतरी फिसकन हसलं. ते हसू बाकांमागून बाक पुढे आलं. सरही घाईघाईने म्हणाले, "बरं बरं, बस."

तेवढ्यात खिडकीजवळचा एक सावळा, हडकुळा मुलगा बसल्या जागेवरूनच म्हणाला, "सर, त्याचं सांगून व्हायचंय अजून."

वनाने गाव सांगितलं. मग तालुकाही सांगितला, कोणी विचारला नव्हता तरी.

सुकदेव दीपनगरचा. वडील वीज केंद्रात फिटर. वसाहतीत शेजारी एक वऱ्हाडी, एक कोकणी, समोर तेलुगू कुटुंब, त्यामुळे त्याची मराठी कुठल्याच गावाची नव्हती. आजीने ठेवलेलं सुकदेव हे नाव तेवढं जुन्या वळणाचं. घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची लहान मूर्ती. सण म्हणजे चौदा एप्रिल आणि वैशाखी पौर्णिमा. जरीना पाचोऱ्याची, नूर महंमद पिंजाऱ्याची थोरली मुलगी. रोज सकाळी शटल गाडीने यायची आणि दिवसभरात चार वाक्यांच्या वर बोलायची नाही. कापूस पिंजायच्या यंत्राशेजारी वाढल्यामुळे घरात सगळेच ओरडून बोलत. बाहेर आपला आवाज मोठा निघेल, या भीतीने ती बोलणंच टाळायची.

त्या प्रसंगानंतर महिन्याभरात सुकदेवने कँटीनमागच्या निंबाखाली मंडळ सुरू केलं. जोडीला मोतीलाल पाटील होता, पारोळ्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा. दोघे वसतिगृहात एका खोलीत राहत. मोतीलालच्या घरून आलेल्या डब्यातला अर्धा सुकदेव खायचा, आणि सुकदेवची सायकल मोतीलालच जास्त चालवायचा.

मंडळाचा नियम एकच. बोलणाऱ्याने चहाचा एक ग्लास आणून कट्ट्यावर ठेवायचा. त्यातून वाफ निघते आहे तोवर सभा त्याची. कोणी हसायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, सुचवायचं नाही. चहा निवला की त्याने तो प्यायचा आणि बसायचं. पहिल्या शनिवारी वना नुसता उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. वाफ संपली, त्याने चहा प्यायला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या शनिवारी तो मोहाच्या फुलांबद्दल बोलला.

"थंड चहावाले" असं नाव पडलं. "काय रे, आज कोणाचा निवाडा?" म्हणून मुलं चिडवायची. पण श्रावण लागेपर्यंत शनिवारी निंबाखाली जागा पुरेना.

मग मान्यतेची गोष्ट निघाली. मान्यता मिळाली तर सभागृह मिळणार होतं. नाही मिळाली तर निंबाखालीही जमता येणार नव्हतं, कारण आवारात विनापरवाना सभा नको, असा नवा नियम आला होता. विद्यार्थी कल्याण अधिकारी इनामदार साहेब कोल्हापूरकडचे, नुकतेच रुजू झालेले. त्यांनी सुकदेवला समोर उभं ठेवूनच विचारलं, "मंडळ नेमकं कोणाचं?"

"सगळ्यांचं, साहेब."

"तायडे, सगळेच असं म्हणतात. मला एकाच समाजाची संघटना इथे नकोय. उद्घाटन करा. मी स्वतः येतो. सभागृह भरलेलं दिसलं आणि त्यात सगळे दिसले, तर बघू."

सुकदेवने रविवार निवडला. रविवारी तास नसतात आणि बाहेरचे पाहुणेही मोकळे असतात, हा त्याचा हिशेब. निंबाखाली त्याने तारीख सांगितली, सगळे म्हणाले "हो हो". मोतीलालही हो म्हणाला, फक्त जरा उशिरा. ते जरीनाला दिसलं, पण त्याचा अर्थ तिला शनिवारी संध्याकाळी कळला.

घरी आली तर आई जैनब माळ्यावरून मोठी परात काढत होती.

"कशाला गं अम्मी?"

"धुरपदाबाईला. उद्या कानबाई ना त्यांची. रोटाचं पीठ मळायला त्यांची परात पुरत नाही. दरसाल आपलीच नेतात."

जरीना पायरीवरच बसली. नागपंचमीनंतरचा रविवार. गल्लीत लहानपणापासून पाहिलेलं: नारळाची कानबाई देवी, तिला नथ आणि दागिने, रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर. मुंबई-सुरतेला गेलेला मुलगासुद्धा त्या दिवशी घरी येतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी मोजून गहू दळतात, आणि त्या पिठाचा रोट, म्हणजे पुरणपोळ्यांचा नैवेद्य, भाऊबंदांनीच संपवायचा असतो. बाहेरच्याला त्यातला घास देत नाहीत. धुरपदाबाई एरवी जरीनाला हाक मारून जेवू घालायची. त्या दिवशी मात्र परात नेताना नजर चुकवायची, आणि आईही काही न बोलता द्यायची. त्यावरून दोघींचं कधी बिनसलं नाही, कारण दोघींना ते माहीत होतं.

सुकदेवला माहीत नव्हतं.

कळवायला काही मार्गच नव्हता. सकाळच्या पहिल्या गाडीने ती निघाली. डबा माणसांनी भरलेला, हातात नारळ, केवड्याची कणसं, सगळे गावाकडे निघालेले. जळगावला तिच्याबरोबर जवळजवळ कोणीच उतरलं नाही.

सुकदेव सभागृहाच्या दारात इस्त्रीच्या शर्टात उभा होता. आत खुर्च्यांच्या रांगा, टेबलावर चहाचा थर्मास आणि एक रिकामा ग्लास.

"लवकर आलात. मोतीलाल कालच गावी गेला, म्हणाला सकाळी परत येतो."

"तायडे, तो येणार नाही. कोणीच येणार नाहीत. आज कानबाई आहे."

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्याने विचारलं ते सभेबद्दल नव्हतं.

"मोतीलालला ठाऊक होतं?"

"असणारच."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही त्याच्या डब्यात जेवता. घरी सण आहे म्हटलं की चल म्हणावं लागतं. आणि रोटाला चल म्हणता येत नाही."

सुकदेव एका खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. "माझ्यासाठी गप्प बसला म्हणायचा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता की दुसरं काही, ते तिला ओळखता आलं नाही.

अकरा वाजले. आले ते हे: वना आणि त्याच्या पाड्याकडचे पाच-सहा जण, सावद्याचा हारुन आणि त्याचे दोन मित्र, भुसावळ-वरणगावकडची बौद्ध मुलं, दोन ख्रिस्ती मुली. म्हणजे ज्यांच्या घरी कानबाई बसत नाही, नेमके तेवढेच. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या.

इनामदार साहेब पाहुण्यांना घेऊन आत आले. पुढच्या रांगेपाशी थांबून एकेकाला नाव विचारत गेले. तायडे. पावरा. शेख. सपकाळे. पावरा. पठाण. प्रत्येक नावाला त्यांची मान थोडी हलत होती. शेवटी ते सुकदेवकडे वळले.

"सगळ्यांचं मंडळ. असं म्हणाला होतात ना?"

सुकदेवचे ओठ हलले. जरीनाला दिसत होतं की तो अडकला आहे. बाकीचे आले असते म्हणावं, तर ते आता कुठे आहेत? सण होता म्हणावं, तर तुला कसा माहीत नव्हता? पहिल्या दिवशी वना अडकला होता तसाच तो अडकला होता, आणि या वेळी त्याच्यासाठी बोलणारं कोणी नव्हतं.

जरीना उठली. थर्मासमधून ग्लासात चहा ओतला आणि टेबलावर ठेवला. वाफ वर निघाली.

"साहेब, नियमाप्रमाणे आता कोणी मध्ये बोलायचं नाही," ती म्हणाली. आवाज मोठाच निघाला, पिंजायच्या यंत्रावरून हाक मारावी तसा. पाहुणे दचकून नीट बसले.

ती परातीबद्दल बोलली. धुरपदाबाईबद्दल, मुठीने मोजलेल्या गव्हाबद्दल, गाडीत पाहिलेल्या नारळांबद्दल. "ह्या खुर्च्या ज्यांच्या आहेत, ते आज कानबाईसमोर बसलेत. आम्ही तारीख ठरवली आणि घर विचारलं नाही. त्यांनी घर सांगितलं नाही, कारण मित्राला बोलावता येणार नाही याची त्यांना लाज वाटली. तुम्ही नावं मोजलीत, साहेब. ती बरोबर मोजलीत. पण आज इथे कोण आहे ते कानबाईने ठरवलंय, तायडेंनी नाही."

वाफ संपली. तिने चहा प्यायला. थोडा ओढणीवर सांडला.

पाहुण्यांनी टाळी वाजवायला हात उचलले, पण इनामदार साहेबांकडे बघून खाली घेतले. साहेब म्हणाले, "बोललात चांगलं. पण मी ऐकलं ते तुमच्याकडून. ज्यांच्याबद्दल बोललात त्यांच्याकडून नाही. उद्या पाचपर्यंत त्यांना आणा. नाहीतर विषय संपला."

सोमवारी तासांना वर्ग अर्धाच होता. दुपारचे तीन झाले, चार झाले. सुकदेव कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून होता. जरीनाची शटल चुकणार होती, तरी ती थांबली. साडेचारनंतर फाटकातून एस. टी. ने आलेल्यांचा घोळका शिरला. पुढे मोतीलाल, शर्टावर गुलाल, पायाला नदीचा गाळ वाळलेला. वनाने पहाटेच पारोळ्याची बस धरली होती आणि वाटेत भेटेल त्या गावात निरोप ठेवत गेला होता. अडखळत का होईना, प्रत्येक ठिकाणी तो स्वतःच बोलला होता.

मोतीलालने सुकदेवकडे पाहिलं नाही. सरळ साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. मागे खोली भरली, दार भरलं. शुद्ध बोलायचं म्हणून त्याने दोनदा तोंड उघडलं आणि मग घरच्या अहिराणी बोलीतच सुटला.

"साहेब, काल आमनाकडे कानबाई व्हती. बठ्ठा जण घर गयथात. चूक मनी शे, यानी नही. मी याले सांगं नही."

साहेबांना सगळं कळलं नसावं; चूक त्याची, सुकदेवची नाही, एवढं कळलं. त्यांनी गुलालाने माखलेल्या शर्टांकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या वनाकडे, मग जरीनाकडे. बराच वेळ पेन हातात फिरवलं.

"सभागृह नाही," ते शेवटी म्हणाले. "शनिवारी दुपारी सात नंबरची खोली घ्या. वर्षभर बघतो."

बाहेर आल्यावर मोतीलालने पिशवीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. "आईने दिल्यात. रोटाच्या नाहीत. तुझ्यासाठी दुसऱ्या पिठाच्या केल्या."

सुकदेव गाठोड्याकडे बघत राहिला. "वेगळ्या केल्या," तो म्हणाला.

"हो."

"तुझ्या आईला खरं सांगता येतं, मोतीलाल. तुला का नाही आलं?"

सुकदेवने गाठ सोडली, एक पुरणपोळी घेतली, अर्धी मोडून जरीनाला दिली, आणि उरलेली उभ्याउभ्याच खाल्ली. दोघे नीट बोलायला लागले ते दसऱ्यानंतर. पण सायकल त्या संध्याकाळीही मोतीलालच घेऊन गेला.

सात नंबरच्या खोलीत मंडळ पुढे बरीच वर्षं चाललं. नियमात एकाची भर पडली: तारीख ठरवण्याआधी प्रत्येकाने आपल्या घरी त्या दिवशी काय आहे ते सांगायचं, आणि "काही नाही" असेल तर तेही उभं राहून सांगायचं. जरीना पाचोऱ्यात शिक्षिका झाली. तिच्या वर्गातला आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो, असं पालक म्हणतात.

सुकदेव तायडे आता धुळ्याला देवपुरात राहतो, एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो, आणि चहा अजूनही निववूनच पितो.